घरी कोण वाट बघतं?

माझ्या भावाला त्याच्याच पोटापासून वाचवायचं, असं माझ्या वहिनीने मनावर घेतलं होतं. हत्यार म्हणाल तर तिच्याकडे एक मोजायची टेप. ती नोकरीला होती एका तपासणी केंद्रात. विमा उतरवायचा असलेली, नाहीतर नव्याने कुठे कामाला लागलेली माणसं तिथे यायची. त्यांची उंची घ्यायची, वजन करायचं, कमरेभोवती टेप लावायची आणि मग त्यांना आत डॉक्टरांकडे पाठवायचं, हे वहिनीचं काम. पडद्याने अर्धी केलेली खोली, भिंतीवर उंचीची पट्टी, खाली वजनकाटा आणि खिडकीत एक कुंडी, जिच्यातलं झाड वाढताना मी कधी पाहिलं नाही. त्या अर्ध्या खोलीत तिने उभ्याने आयुष्य काढलं.

कमर मोजताना पोट आत ओढत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हातारे, तरणे, साहेब, हमाल, सगळे एका माळेचे मणी. टेप लागली की छाती पुढे, पोट गायब, चेहरा लाल. ‘श्वास सोडा’ म्हटलं की आणखी ओढतात. वहिनीने त्यावर तोड काढली होती. टेप गुंडाळायची आणि सहज गप्पा मारल्यासारखं विचारायचं, “घरी कोण वाट बघतं?” माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो. तोंड उघडलं की श्वास सुटतो, श्वास सुटला की पोट आपल्या जागेवर येतं. “बायको आहे, आणि दोन...” एवढं होईपर्यंत वहिनीने आकडा टिपलेला असायचा.

“आधी ‘जेवलात का’ असं विचारायचे,” ती मला सांगायची, “पण त्याला लोक नुसती मान हलवतात. घरचं विचारलं की बोलावंच लागतं.”

दादाचं आणि तिचं जुळलं तेही त्या पडद्याआडच. दादाला एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती आणि तपासणीसाठी त्याला तिथे धाडलं होतं. पोट तेव्हाही होतं. त्याने ते आत ओढलं, तिने प्रश्न विचारला, आणि दादा म्हणाला, “अजून तरी कुणी नाही. तुम्ही बघणार असाल तर सांगा.” ही गोष्ट दादा भेटेल त्याला ऐकवायचा. वहिनी दर वेळी म्हणायची, “थापा मारू नका. एवढी हिंमत कुठली? ‘आई’ म्हणाला होतात, आणि तेही घाबरत.” मला विचाराल तर वहिनीचंच खरं असणार. लग्न झालं, एवढं मात्र दोघांनाही मान्य होतं.

मी दादाची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. त्यांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. आता नणंद म्हटल्यावर तिने भावजयीबद्दल चार वाकडे शब्द बोलायचेच असतात, तेव्हा ते तुम्ही धरून चाला. आणि माझ्या स्वतःच्या कमरेबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. वहिनी टेप घेऊन वर आली की मी कडी लावून घेत असे.

पोटाची ही भीती तिच्या मनात उगाच बसली नव्हती. आमचे वडील जेवता जेवता गेले. टेबलाशी बसल्या बसल्या मान खाली गेली. आम्हाला वाटलं, डुलकी लागली. वहिनी तेव्हा घरात नवीन होती. वडिलांचा हात तिनेच आधी उचलून पाहिला. दादाची अंगकाठी थेट वडिलांची, तेच रुंद खांदे, तेच पुढे आलेलं पोट. त्यात केंद्रातले डॉक्टर बोलके. रिकामा वेळ मिळाला की हिला शिकवत बसायचे. वजनापेक्षा चरबी कुठे साठते ते महत्त्वाचं. पोटावरची चरबी सगळ्यात वाईट. कमर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, बाहेर गेली की मरण तेवढं जवळ आलं. वहिनी हे सगळं ऐकायची आणि घरी येऊन दादाकडे बघायची. तो खुर्चीत बसून, पोटावर बशी ठेवून चहा पीत असायचा. टेबलाची गरजच नाही, असं वर म्हणायचा.

एकदा तिने दादाला भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत एक नाडी धरून कापली. मग ती नाडी बरोबर मधोमध दुमडली आणि त्याच्या कमरेभोवती आणली. पुढे दोन टोकं काही केल्या भेटेनात. मध्ये चांगली वीतभर जागा उघडी राहिली.

“ही जी वीत आहे ना,” वहिनी म्हणाली, “ही मी मिटवणार.”

“मापाडीणबाई, त्यापेक्षा नाडी लांब घ्या,” दादा म्हणाला. मापाडीण हे त्याने तिला ठेवलेलं नाव.

ती हसली नाही. त्या दिवसापासून घरातली कढई माळ्यावर गेली. साखर गेली, लोणी गेलं, बेकरीतून येणारी पिशवी गेली. सकाळी बसवर जायच्या आधी चालणं, आल्यावर पुन्हा चालणं. ताटात उकडलेली भाजी आणि सूप, ज्याला दादा ‘भांडी विसळलेलं पाणी’ म्हणायचा. तरी तो खायचा. डेपोत त्याला सगळे ‘टाकी’ म्हणत. स्टिअरिंग पोटाला टेकायचं म्हणून. ‘टाकी रिकामी करायचं चाललंय’ असं तो त्यांना सांगायचा. बायकोचा धाक म्हणून तो हे करत होता असं नाही. वडिलांची मान खाली गेली तेव्हा तोही त्याच टेबलाशी होता.

पहिलं वर्ष नुसती रडकथा. दोन बोटं उतरायचं, तीन बोटं चढायचं. वहिनी नाडी लावायची आणि तिचा चेहरा उतरायचा. त्याचं पोट काही उतरायचं नाही, असं मी म्हणायचे, आणि मला शिव्या बसायच्या.

दुसऱ्या वर्षी काय झालं कोण जाणे, दादा झरझर उतरायला लागला. पट्ट्याला भोकं कमी पडायला लागली. गॅलरीत बसून तो खिळा आणि हातोडी घेऊन नवीन भोक पाडायचा. ठोकठोक ऐकू आली की मला वर कळायचं, आणखी एक भोक. वहिनी तर हवेत होती. केंद्रात येणाऱ्या ढेरपोट्या माणसांना ती दादाची गोष्ट सांगायला लागली. त्यांच्या बायकांना नाडीची युक्ती शिकवायला लागली. डॉक्टरांनीसुद्धा म्हणे तिची पाठ थोपटली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिने हजारो माणसांना त्यांचं मरण किती लांब आहे ते मोजून दिलं, पण कुणाचं लांब ढकललेलं तिने पाहिलं नव्हतं. हे तिला पहिल्यांदा जमत होतं, आणि तेही स्वतःच्या माणसाच्या बाबतीत.

मला मात्र ते बरं दिसत नव्हतं. मी डॉक्टर नाही, मला टेप कळत नाही. पण मला माझा भाऊ कळतो. वहिनी कामावर गेली की मी त्याला वर बोलवायचे आणि बटाट्याचे काप तळून द्यायचे, हे आमचं जुनं गुपित. आधी तो बशी चाटूनपुसून साफ करायचा आणि तोंड धुऊन खाली जायचा, वास येऊ नये म्हणून. आता दोन काप खाल्ले की बशी सरकवायचा. “नको गं, भरल्यासारखं वाटतं.” पाठ दुखते म्हणायचा. जिना चढताना मधल्या कठड्याशी थांबायचा.

मी गुपित फोडलं आणि वहिनीला सांगितलं. “अगं, त्याला तळलेलं देते मी, आणि तो खात नाही.”

वहिनीला राग यायला हवा होता. तिचा चेहरा उजळला. “पोट लहान होतं हळूहळू. भूकच मरते मग. डॉक्टर सांगतात.”

“आणि पाठ?”

“चालायची सवय नव्हती ना इतकी वर्षं.” तिच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, पण त्या आनंदापुढे माझीही जीभ अडली.

मग ती नाडी एकदाची भेटली. दुमडलेल्या नाडीची दोन्ही टोकं दादाच्या बेंबीवर एकमेकांना टेकली. वहिनीने मला खाली बोलावलं, शेजारणीला बोलावलं, आणि ज्या घरात दीड-दोन वर्षं साखर आली नव्हती तिथे तिने केक आणला. दादाने शर्ट खोचून, पट्टा आवळून दाखवला. पट्ट्याचं उरलेलं टोक कमरेभोवती पार मागे गेलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केकचा पहिला तुकडा त्याला दिला. त्याने एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि बशी खाली ठेवली.

“बघा,” वहिनी शेजारणीला म्हणाली, “गोडाची सवयच सुटली त्यांची.”

दादा हसला. त्याचे गाल आत गेले होते आणि दात मोठे दिसत होते. मी वर आले आणि मला रडू आलं. का ते त्या दिवशी मला सांगता आलं नसतं.

डेपोतले म्हणायला लागले, टाकी गळायला लागली. चेष्टाच ती. पण चेष्टा करणारे त्याच्याकडे नीट बघत नव्हते, हेही मी पाहिलं.

थोड्याच दिवसांनी पोट परत पुढे आलं. आधी पट्ट्याचं एक भोक मागे, मग दुसरं. वहिनी तडक जिना चढून माझ्याकडे आली. मी कडी लावायच्या आत तिने दार ढकललं.

“काय घोडं मारलंय मी तुमचं?” ती ओरडली. “इतक्या कष्टाने उतरवलं, आणि तुम्ही चोरून चारताय! माणूस तुमचा भाऊ आहे की शत्रू?”

“अगं, महिना झाला तो माझ्याकडे चहासुद्धा पीत नाही!”

“मग पोट हवेने वाढलं का?”

मी तिचा हात धरला आणि तिला ओढत खाली नेलं. दादा पलंगावर कुशीवर झोपला होता, बनियन वर सरकलं होतं. “टेप बाजूला ठेव आणि नुसतं बघ,” मी म्हटलं. हातांच्या काड्या झालेल्या. गळ्याची हाडं वर आलेली. आणि मध्ये ते पोट, ताणलेलं, चकचकीत, नगाऱ्यासारखं. ते पोट त्याचं नव्हतंच. वहिनी पुढे झाली आणि तिने त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली. आत सगळं पिवळं होतं. तिने बनियन खाली ओढून ते पोट झाकलं.

हॉस्पिटलात आमच्याशी बोलायला आल्या त्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि फार दमलेल्या होत्या. गाठ आतल्या आत वाढली होती, यकृतात पसरली होती, पोटात पाणी झालं होतं. आता करण्यासारखं फार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “गेल्या वर्षभरात वजन आपोआप उतरत होतं का?”

वहिनी त्यांच्या पेनाकडे बघत राहिली.

हा प्रश्न तिचा होता. टेप काढून झाली की प्रत्येक माणसाला तिने हे विचारायचंच, हा केंद्राचा नियम. आपोआप उतरणारं वजन हे वाढणाऱ्या वजनापेक्षा वाईट, हेही तिला तिच्या डॉक्टरांनीच शिकवलेलं. कुणी ‘हो’ म्हणालं तर ती त्याला रांग मोडून आत पाठवायची. अनोळखी माणसांना तिने हा प्रश्न रोज विचारला. दादाला विचारायचं तिच्या मनात आलं नाही, कारण त्याचं वजन आपोआप उतरतच नव्हतं तिच्या लेखी. ते ती उतरवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

“डाएट चालू होतं,” शेवटी मीच सांगितलं.

“अच्छा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

मला वहिनीचा राग आला होता, तो मी लपवत नाही. इतका, की बाहेरच्या बाकावर मी तिच्यापासून लांब बसले. आधी कळलं असतं तर काही झालं असतं का, हे मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही.” नाही म्हणाल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. मी हे वहिनीला सांगितलं नाही. तिनेही मला कधी विचारलं नाही.

पोटात पाणी झालेल्या माणसाचं पोट तिथे रोज मोजतात. किती भरलं, काढायचं कधी, ते त्यावरून ठरतं. टेप रोज त्याच जागी बसावी म्हणून नर्सने दादाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पेनाने खुणा केल्या होत्या. पहिल्याच दिवशी नर्स मोजायला लागली आणि वहिनी उठली. “तिरकी धरलीत तुम्ही. मागून वर गेलीय.” नर्स वैतागली. वहिनीने पर्समधून स्वतःची टेप काढली. पुढे ते मोजणं तिच्याकडेच आलं. जी कमर कमी व्हावी म्हणून तिने दोन वर्षं नवऱ्याला उपाशी ठेवलं, तीच ती आता रोज सकाळी मोजत होती, आणि ती वाढलीय की नाही एवढंच तिथे बघायचं होतं. सुईने पाणी काढलं की माप उतरायचं. दोन दिवसांत पुन्हा चढायचं.

मी तिच्याकडे बघत बसायचे. तिचे हात कधी थरथरले नाहीत. टेप पाठीखालून घ्यायची, खुणांवर आणायची, पुढे जुळवायची. राग धरून बसायला माझ्याकडे वेळ खूप होता, पण ते हात बघता बघता तो निघून गेला. दादाला वाचवायला निघाली होती ती. तिच्याकडे जे होतं त्याने वाचवायला निघाली होती.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तिने टेप लावली तेव्हा दादा जागा होता. त्याने छाती थोडी वर केली, ओठ आवळले. मला वाटलं, कळ आली.

“काय होतंय?” वहिनीने विचारलं.

“पोट आत ओढतोय,” तो म्हणाला. “जमत नाहीये.” आणि मग, “आज विचारणार नाहीस? सगळ्यांना विचारतेस.”

वहिनीने टेप तशीच धरून ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिच्या त्या नेहमीच्या, कामावरच्या आवाजात तिने विचारलं, “घरी कोण वाट बघतं?”

दादाने श्वास सोडला. “कोण बघणार? तू तर इथेच आहेस.”

तिने माप घेतलं, ते नर्सला सांगितलं आणि चादर ओढून नीट केली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

दादा त्याच आठवड्यात गेला. कपडे बदलायला तिला मी घरी पाठवलं होतं तेव्हा.

महिन्याभराने वहिनी कामावर परत गेली. घरात बसून भिंतींशी काय बोलायचं? संध्याकाळी मी तिला आणायला जाते; चालणं होतं हे निमित्त. पहिल्यांदा गेले तेव्हा शेवटचा माणूस आत होता आणि पडदा अर्धा उघडा होता. चाळिशीचा असेल, चांगला सुटलेला. वहिनीने टेप गुंडाळली. त्याने रीतसर पोट आत ओढलं, छाती फुगवली. मी वाट बघत होते. तोही कशाची तरी वाट बघत असल्यासारखा समोरच्या भिंतीकडे बघत होता, चेहरा लाल होत चालला होता. मग वहिनीने टेपवरचा आकडा वाचला, ओढलेल्या पोटाचा, आणि तोच लिहिला.

“गेल्या वर्षभरात वजन आपोआप उतरलंय का?” तिने विचारलं. हा प्रश्न तिने दोनदा विचारला. तो ‘नाही’ म्हणाला, तरी पुन्हा विचारला.

तो आत गेल्यावर तिने टेप गुंडाळून खिशात टाकली, कुंडीत पाणी घातलं आणि आम्ही निघालो. रस्त्यावर गर्दी होती, दुकानांचे दिवे लागले होते. बरंच चालून झाल्यावर मला राहवेना.

“वहिनी, त्या माणसाचं माप चुकीचं घेतलंस. विचारलं का नाहीस त्याला?”

“काय?”

“तेच. घरी कोण वाट बघतं.”

ती चालत राहिली. वळणाशी आल्यावर म्हणाली, “विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.”